विश्लेषण : मॅक्वीनचे रोबो, हॉर्नच्या बंदुका… ‘प्रेरणा’ आणि ‘चोरी’ यांच्यामध्ये नेमकं काय असतं?

एक रील तुमच्याही फोनवर कधी ना कधी येऊन गेली असेल. पांढरा घेरदार ड्रेस घातलेली मॉडेल एका गोल फिरत्या लाकडी चकतीवर उभी आहे. दोन बाजूंना दोन यांत्रिक हात, कारच्या कारखान्यात असतात तसे. आधी ते संथ हलतात, तिला हुंगल्यासारखे जवळ येतात, मागे जातात. मग एकाएकी तिच्यावर काळ्या आणि पिवळ्या रंगाची फवारणी सुरू होते. ती हात वर करते, चेहरा वाचवते, वाकते. चकती फिरतच राहते. शेवटी रंगाने माखलेली ती मॉडेल अडखळत प्रेक्षकांच्या दिशेने येते आणि रील संपते. खाली कुणीतरी हमखास विचारतं, ‘हे एआय आहे का?’

नाही. हे घडलं २७ सप्टेंबर १९९८ रोजी, लंडनमधल्या गॅटलिफ रोडवरच्या एका गोदामात. ड्रेस खरा, रंग खरा, रोबोही खरे. डिझायनर होता अलेक्झांडर मॅक्वीन आणि मॉडेल होती शालोम हार्लो. फॅशनच्या इतिहासातला सर्वाधिक आठवला जाणारा शेवट म्हणून आजही याचंच नाव घेतलं जातं.

रीलमध्ये एक नाव मात्र जवळजवळ कधीच नसतं. ते आहे रेबेका हॉर्न या जर्मन कलावतीचं. दोन यंत्रं समोरासमोर उभी करून त्यांना रंग उडवायला लावण्याची कल्पना मुळात तिची. मग मॅक्वीनने काय केलं? उचलेगिरी की नवनिर्मिती? मिलानच्या रॅम्पवर कोल्हापुरी चप्पल अवतरल्यापासून हा प्रश्न आपल्याकडेही तावातावाने विचारला जातोय. त्यामुळे २७ वर्षांहून जुना हा शो नीट उलगडून पाहायला हवा.

त्या शोमध्ये नेमकं काय होतं?

शोचं नाव होतं ‘नंबर १३’. कारण साधं, मॅक्वीनचं ते तेरावं कलेक्शन. तेव्हा तो २९ वर्षांचा होता. लंडनच्या टॅक्सी ड्रायव्हरचा मुलगा, सहा भावंडांत धाकटा. सोळाव्या वर्षी शाळा सोडून तो सॅव्हिल रो या शिंप्यांच्या प्रसिद्ध गल्लीत सूट शिवायला शिकला. पुढे सेंट्रल सेंट मार्टिन्स कॉलेजमधून फॅशनचं शिक्षण आणि १९९६ मध्ये थेट पॅरिसच्या जिव्हाँशी या बड्या घराण्याचा मुख्य डिझायनर. हे सांगायचं कारण असं की, मॅक्वीन म्हणजे नुसता धक्के देणारा माणूस अशी समजूत आहे. पण कापड कुठे कापायचं आणि खांदा कसा बसवायचा, हे त्याच्या हाताला ठाऊक होतं.

‘नंबर १३’चा विषयच हात आणि यंत्र हा होता. एकोणिसाव्या शतकात ब्रिटनमध्ये विल्यम मॉरिस आणि त्याच्या सहकाऱ्यांनी कारखान्यातल्या एकसुरी मालाविरुद्ध हस्तकलेची चळवळ उभी केली. मॅक्वीनने त्या चळवळीचा धागा पकडला. रॅम्पवर लाकडी पट्ट्यांचे पंख्यासारखे उलगडणारे स्कर्ट आले, साच्यात घडवलेले चामड्याचे बंद आले, नाजूक लेस आली.

आणि एमी मुलिन्स आली. ही अमेरिकी धावपटू १९९६ च्या अटलांटा पॅरालिम्पिकमध्ये उतरलेली. जन्मतःच पायात हाड नसल्याने वयाच्या पहिल्या वर्षीच तिचे दोन्ही पाय गुडघ्याखाली कापावे लागले होते. मॅक्वीनने तिच्यासाठी लाकडात कोरलेले कृत्रिम पाय बनवून घेतले, त्यावर द्राक्षवेली आणि मॅग्नोलियाची फुलं. ती चालून गेली तेव्हा अनेकांना ते उंच बूट वाटले. त्याच महिन्यात ‘डेझ्ड अँड कन्फ्युज्ड’ मासिकाच्या मॅक्वीनने संपादित केलेल्या अंकाच्या मुखपृष्ठावरही मुलिन्स होती. दिव्यांग व्यक्तींना फॅशनमध्ये ‘दयेचा कोपरा’ मिळण्याचाही तो काळ नव्हता. तिथे तिला थेट रॅम्प मिळाला. माझ्या मते त्या शोमधला सगळ्यात धाडसी क्षण हाच. पण तो रीलमध्ये दिसत नाही, कारण त्यात काही उडत नाही.

थोडक्यात, प्रेक्षकांसमोरून सगळं हाताचं काम जातं आणि मग, अगदी शेवटी, यंत्रं जागी होतात.

रोबो काय करत होते?

इथे थोडं थांबायला हवं. इंजिनीअरिंगला असताना रोबोटिक्सच्या लॅबमध्ये आम्हाला पहिल्या दिवशी शिकवलेली गोष्ट ही की, यंत्र चालू असताना कुंपणाच्या आत पाऊल टाकायचं नाही. कारखान्यात रंगकाम करणारा रोबो जाळीच्या किंवा काचेच्या आड असतो. दार उघडलं की तो थांबतो. याचं कारण त्या काळच्या अशा रोबोला ‘दिसत’ नसतं. एखाद्या तंत्रज्ञाने आधी त्याचा हात एकेका बिंदूवर नेऊन ते बिंदू नोंदवलेले असतात. इथून तिथे जा, या वेगाने जा, इथे फवारा सुरू कर, तिथे बंद कर. समोर कारचं दार आहे, रिकामी हवा आहे की माणूस, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. तो शिकवलेला मार्ग पुन्हा पुन्हा गिरवतो.

मॅक्वीनने फियाटच्या कारखान्यातले असे रोबो आणले आणि कुंपण काढून टाकलं. आत शालोम हार्लोला उभं केलं. हार्लो बॅलेचं शिक्षण घेतलेली. पांढऱ्या सुती कापडाचा ड्रेस, छातीच्या वर आवळलेला चामड्याचा पट्टा, खाली पांढऱ्या जाळीचा घेर. पाहणाऱ्याच्या पोटात जो गोळा येतो तो इथे. आंधळं यंत्र आणि डोळस माणूस, मध्ये हातभर अंतर.

हार्लोने पुढे न्यूयॉर्कच्या मेट संग्रहालयासाठी बोलताना सांगितलं की, या क्षणाबद्दल मॅक्वीनशी तिचं फारसं बोलणंच झालं नव्हतं. म्हणजे यंत्रांना काय करायचं ते ठरवून दिलेलं होतं, माणसाला नव्हतं. मॅक्वीन म्हणायचा की, स्वतःच्या शोंपैकी त्याला रडवणारा हा एकच.

मग मूळ कल्पना कुणाची?

रेबेका हॉर्न यांचा जन्म १९४४ चा, मृत्यू सप्टेंबर २०२४ मध्ये. त्यांची गोष्ट सुरू होते ती एका अपघाताने. विद्यार्थिदशेत त्या पॉलिएस्टर आणि फायबरग्लास वापरून शिल्पं करत होत्या, तोंडाला मास्क न लावता. धूर आणि कण फुप्फुसात गेले. दीर्घकाळ आरोग्यधामात काढावा लागला. अंथरुणावर पडल्या पडल्या जे जमेल ते, म्हणजे चित्रं काढणं आणि शिवणकाम, हीच त्यांची कला झाली. त्यांनी शरीराला जोडायच्या वस्तू बनवल्या. हाताची बोटं हातभर लांब करणारे मोजे, डोक्यावर भलं मोठं शिंग, चेहऱ्याभोवती पेन्सिलींचा पिंजरा. तो मुखवटा घालून भिंतीसमोर मान हलवली की रेघा उमटतात.

पुढे शरीर बाजूला झालं आणि यंत्रं आली. १९८० च्या दशकाच्या अखेरीस हॉर्न यांनी रंग उडवणारी यंत्रं बनवायला सुरुवात केली. मोटर फिरते, ब्रश रंगात बुडतो आणि फटका मारून भिंतीवर शिंतोडे उडवतो. १९९१ मधलं ‘हाय मून’ हे त्याच मालिकेतलं पुढचं पाऊल. छतापासून टांगलेल्या काचेच्या दोन नरसाळ्यांत रक्तासारखा लाल द्रव. तो नळ्यांमधून दोन विंचेस्टर रायफलींपर्यंत येतो. त्या बंदुका वळतात, एकमेकींवर नेम धरतात आणि लाल द्रव झाडतात. प्रेमिकांची जोडी म्हणा, शत्रूंची म्हणा. माणूस कुठेच नाही, तरी सगळं माणसाबद्दलच.

दोन यंत्रं, समोरासमोर, रंगाचा मारा. साम्य इतकं ढळढळीत आहे की नाकारण्यात अर्थ नाही. आणि मॅक्वीनने ते नाकारलंही नाही. एकमेकींवर लाल रंग झाडणाऱ्या बंदुकांच्या हॉर्न यांच्या कलाकृतीवरून हा शेवट सुचला, हे त्याने स्वतःच सांगितलेलं आहे.

तरीही ही चोरी का म्हणायची नाही?

कॉपीराइटचा साधा नियम असा की कल्पनेवर कुणाची मालकी नसते, तिच्या मांडणीवर असते. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये आर. जी. आनंद विरुद्ध डिलक्स फिल्म्स या खटल्यात हेच स्पष्ट केलं. एका नाटककाराने आपलं नाटक सिनेमावाल्यांनी चोरलं असा दावा केला होता. न्यायालयाचं म्हणणं पडलं की विषय एक असला तरी मांडणी वेगळी असेल तर उल्लंघन होत नाही. हा भारतातला निकाल आहे, लंडनच्या गोदामाला तो लागू नव्हता, पण कल्पना आणि मांडणी यांतला हा भेद बहुतेक देशांत मानला जातो.

कायद्याचं उत्तर मात्र इथे अपुरं पडतं. मी स्वतः वेगळी कसोटी लावून पाहते. इनपुट काय होतं, आउटपुट काय आलं आणि मध्ये नेमका काय बदल झाला? हॉर्न यांच्या बंदुका एकमेकींशी बोलतात. मॅक्वीनने त्या दोघींच्या मधोमध एक जिवंत बाई आणून ठेवली. एवढाच बदल. पण त्याने सगळा अर्थ फिरतो. ‘हाय मून’मध्ये आपण दोन यंत्रांचा सामना बघतो, इथे आपण कुणाची बाजू घ्यायची ते ठरवावं लागतं. शिवाय हॉर्न यांचा लाल द्रव वाहून जातो. मॅक्वीनचा रंग कापडावर राहतो आणि ते कापड त्या रंगामुळे ‘पूर्ण’ होतं. शोभर हाताने घडवलेल्या वस्तू दाखवून शेवटचा ड्रेस यंत्राकडून पूर्ण करून घेणं हा त्याच्या विषयाचा तर्कशुद्ध शेवट होता. हॉर्न यांची कल्पना तिथे नुसती सजावट म्हणून आलेली नाही, ती काम करते.

फॅशनने कलेकडून घेण्याचे सगळेच प्रकार असे नसतात. एल्सा स्कियापरेलीच्या १९३७ च्या पांढऱ्या ड्रेसवरचं लाल लॉबस्टर साल्वादोर दालीसोबतच्या सहकार्यातून आलं. हा सरळ भागीदारीचा मामला. इव्ह सँ लोराँने १९६५ मध्ये मोंद्रियानचे रंगीत चौकोन ड्रेसवर आणले तेव्हा त्या चित्रकाराला जाऊन २१ वर्षं झाली होती. तिथे चित्रच ड्रेस झालं. ते दिसायला सुंदर आहे, पण चित्राबद्दल नवीन काही सांगत नाही.

खुद्द मॅक्वीनही दरवेळी या कसोटीवर उतरत नाही. सप्टेंबर २००० मधला त्याचा ‘व्हॉस’ हा शो घ्या. प्रेक्षक एका भल्या मोठ्या आरशाच्या पेटीभोवती बसले होते. शो उशिरा सुरू झाला आणि फॅशनच्या जगातली ही नामवंत मंडळी तासभर आरशात स्वतःलाच पाहत बसली. मग आत दिवे लागले, काच पारदर्शक झाली, मॉडेल दिसू लागल्या. त्यांना मात्र बाहेरचं काही दिसत नव्हतं. इतरांना निरखणं हाच ज्यांचा धंदा, त्यांना स्वतःकडे बघायला लावण्याची ही युक्ती जबरदस्त होती. शेवटी आतली दुसरी पेटी फुटली. त्यात लेखिका मिशेल ऑली विवस्त्र, तोंडावर मुखवटा आणि श्वासाची नळी, भोवती उडणारे पतंग. ही मांडणी अमेरिकी छायाचित्रकार जोएल-पीटर विटकिन यांच्या ‘सॅनिटेरियम’ या १९८३ च्या छायाचित्राची जवळजवळ हुबेहूब प्रतिकृती होती. गाजली ती हीच. मला मात्र आरशाचा तो तास जास्त मोलाचा वाटतो. तो मॅक्वीनचा स्वतःचा होता.

बाईवर यंत्रांचा मारा, हा प्रश्न उरतोच

श्रेयाचा हिशेब जुळला तरी एक अस्वस्थता जात नाही. दोन यंत्रं एका बाईला रंगाने झोडपतात आणि खुर्च्यांवर बसलेले लोक टाळ्या वाजवतात. यात टीका कुठे संपते आणि तमाशा कुठे सुरू होतो?

मॅक्वीनवर हा आक्षेप आधीही आला होता. मार्च १९९५ मध्ये ‘हायलँड रेप’ या शोमध्ये फाटक्या लेसमधल्या, झोकांड्या खाणाऱ्या मॉडेल रॅम्पवर आल्या तेव्हा बायकांवरच्या हिंसेचं भांडवल केल्याची टीका झाली. त्याचं उत्तर होतं की हा बलात्कार इंग्लंडने स्कॉटलंडवर केलेल्या अत्याचारांचा आहे. त्याच्या वडिलांकडचं मूळ स्कॉटिश होतं. उत्तर पटण्यासारखं आहे, पण पुरेसं नाही. इतिहासाचं रूपक ज्यांच्या अंगावर लिहिलं जातं, त्या बायकांचं म्हणणं त्यात कुठे ऐकू येतं?

‘नंबर १३’मध्ये निदान एक फरक आहे. हार्लो फक्त सहन करत नाही. ती घाबरते, खेळते, चिडते, शरण जाते, हे सगळं तिच्या अंगात दिसतं. यंत्रांना भाव नाहीत, म्हणून आपली नजर तिच्यावरून हलत नाही. तरी तिला आधी फारसं काही सांगितलेलं नव्हतं, हे वाचल्यावर आज कुठल्याही कामाच्या ठिकाणी आपण दोन प्रश्न विचारू. मला वाटतं ते विचारायलाच हवेत, शो कितीही आवडो.

आणि आपली कोल्हापुरी?

आता ही कसोटी जून २०२५ मधल्या मिलानला लावून बघा. प्राडाच्या पुरुषांच्या कलेक्शनमध्ये अंगठ्याची, वेणीच्या पट्ट्याची चप्पल आली. आपल्याला ती ओळखायला सेकंदही लागला नाही. ओळख करून देताना ब्रँडने मात्र तिला नुसतं चामड्याचं सँडल म्हटलं. कोल्हापुरीला २०१९ पासून भौगोलिक मानांकन, म्हणजे जीआय टॅग आहे. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले चार जिल्हे त्यात येतात. ओरड झाल्यावर प्राडाने भारतीय कारागिरीपासून प्रेरणा घेतल्याचं मान्य केलं. मुंबई उच्च न्यायालयातली जनहित याचिका जुलैमध्ये फेटाळली गेली, कारण याचिकाकर्ते जीआयचे नोंदणीकृत मालक नव्हते. डिसेंबरमध्ये प्राडाचा महाराष्ट्राच्या लिडकॉम आणि कर्नाटकच्या लिडकर या महामंडळांशी करार झाला.

बदल काय होता? रॅम्पवर चप्पल चप्पलच राहिली. तिच्यात काही भर पडली नाही, उलट एक गोष्ट वजा झाली, ती म्हणजे तिचं नाव. हॉर्न या नावाजलेल्या कलावती होत्या. १९९३ मध्ये न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात त्यांचं मोठं प्रदर्शन झालेलं. मॅक्वीनने नाव घेतलं नसतं तरी कलेच्या जगातल्या कुणीतरी ते घेतलंच असतं. कोल्हापुरी करणाऱ्या कारागिराचं नाव घ्यायला तिथे पुढच्या रांगेत कुणी बसलेलं नसतं. म्हणून ओरड गरजेची होती, आणि करारात कारागिराच्या हाती नेमकं किती पडतं यावर नजर ठेवणंही.

रोबो गेले, स्प्रे राहिला

सप्टेंबर २०२२ मध्ये पॅरिसला कोपर्नी या ब्रँडच्या शोमध्ये बेला हदीद जवळजवळ उघड्या अंगाने उभी राहिली आणि माणसांनी स्प्रेगनने तिच्या अंगावर ड्रेस तयार केला, सुमारे दहा मिनिटांत. हे तंत्र मानेल टोरेस या स्पॅनिश संशोधकाच्या फॅब्रिकन कंपनीचं. बारीक तंतू आणि त्यांना धरून ठेवणारं पॉलिमर एका द्रावकात मिसळलेलं असतं. अंगावर पडताच द्रावक उडून जातो, तंतू एकमेकांना चिकटतात आणि न विणलेलं कापड तयार होतं. ते पुन्हा विरघळवून वापरता येतं. तो व्हिडीओ जगभर फिरला आणि अनेकांनी लगेच १९९८ चा शो आठवला. इंजिनीअर म्हणून मला कोपर्नीचा प्रयोग अधिक भारी वाटतो, तंत्र खरोखर नवं आहे. पण तिथे पोटात गोळा येत नाही. स्प्रेगन माणसाच्या हातात आहे आणि तो माणूस तिच्याकडे बघतोय.

मॅक्वीनचं ११ फेब्रुवारी २०१० रोजी निधन झालं. पुढच्या वर्षी मेट संग्रहालयात भरलेल्या ‘सॅव्हेज ब्यूटी’ या प्रदर्शनाला ६ लाख ६१ हजारांहून अधिक लोक आले. तो रंगलेला ड्रेसही तिथे होता, माहितीत रेबेका हॉर्न यांच्या कलाकृतीचा उल्लेखही. तेच रोबो पुन्हा आणले, तोच प्रोग्रॅम चालवला, तसंच पांढरं कापड समोर ठेवलं तरी तो ड्रेस दुसऱ्यांदा तयार होणार नाही. फवाऱ्याचा मार्ग ठरलेला होता. पण काळा पट्टा कुठे तुटला आणि कुठला तुकडा पांढरा राहिला, हे हार्लोने त्या क्षणी हात कुठे उचलला होता यावर ठरलं.